दोघांनी मिळून बँकरप्सी फाइल करताना घर सोडायचं असेल तर

पत्र न्यू जर्सीहून आलंय, एडिसनच्या जवळून. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते.

"ताई, आम्ही दोघं ग्रीन कार्डवर, मुलगी अकरावीत, मुलगा सहावीत. २०२२ च्या सुरुवातीला मी मुलांच्या ट्युशन सेंटरची फ्रँचाइजी घेतली, त्यासाठी एसबीए लोन (सरकारी हमीवरचं छोट्या धंद्याचं कर्ज) काढलं, त्याचा बोजा घरावर चढला आणि नवऱ्यानेही गॅरंटीवर सही केली. सेंटर चाललं नाही, बंद केलं. मध्ये नवऱ्याचा जॉब गेला, आता कॉन्ट्रॅक्टवर आहे, माझा पार्ट टाइम धरून वर्षाला १ लाख १८ हजार डॉलर येतात. टाउनहाउसची किंमत ५ लाख ६० हजार, पहिलं कर्ज थकबाकीसकट ४ लाख ८५ हजार, एसबीएचे १ लाख ९० हजार, कार्डांचे ६२ हजार. सात महिने हप्ता गेलेला नाही, फोरक्लोजरची (थकलेल्या कर्जापोटी घर जप्त करून विकण्याची) नोटीस आलीय. घर सोडायचं आणि बँकरप्सी (दिवाळखोरी) फाइल करायची इथपर्यंत आलोय. नवरा म्हणतो मी एकटा फाइल करतो, तुझं क्रेडिट तरी राहील. कोथरूडचा फ्लॅट सासऱ्यांनी रिटायरमेंटच्या पैशातून घेतला पण त्यावर नवऱ्याचं दुसरं नाव आहे, ते आधीच हक्कसोड करून काढून टाकू का? माझं वीस तोळे सोनं जाईल का? दिराकडून १५ हजार डॉलर घेतले होते, त्यातले ६ हजार दिवाळीत परत केलेत. सिटिझनशिपला अडचण येईल का? सासूबाई फोनवर म्हणाल्या की आपल्या घरात आजवर कोणी कर्ज बुडवलं नाही. आणि मुलीला सांगू का?"

अगं, आधी सरळ उत्तरं देते आणि मग कारणं. दोघांनी मिळून फाइल करा. घर जाऊ द्या, तुमचा तो निर्णय बरोबर आहे. आणि कोथरूडच्या फ्लॅटला आत्ता अजिबात हात लावू नका, ना हक्कसोड, ना गिफ्ट डीड, ना सोसायटीत अर्ज, हे अगदी हात जोडून सांगते.

मी वकील नाही, माझं काम टॅक्सचं. पण अशा बऱ्याच घरांचे टॅक्स रिटर्न भरलेत, त्यामुळे पुढे काय काय होतं ते जवळून पाहिलंय. हे वाचून स्वतःच पिटिशन भरायला बसू नका, तुमच्या केसमध्ये भारतातली प्रॉपर्टी आहे, धंद्याचं कर्ज आहे, नातेवाइकाला दिलेले पैसे आहेत, म्हणजे रोज हेच काम करणारा वकील हवाच. पण त्याच्यासमोर बसाल तेव्हा काय विचारायचं हे माहीत असलं पाहिजे म्हणून एवढं लिहितेय.

नवऱ्याचं म्हणणं प्रेमापोटी आहे हे कळतं. पण बघ, घराच्या कर्जावर दोघांच्या सह्या, एसबीएच्या गॅरंटीवर दोघांच्या सह्या. त्याने एकट्याने चॅप्टर सेव्हन, म्हणजे सुटीबाहेरची मालमत्ता देऊन बाकीचं कर्ज माफ करून घेण्याची बँकरप्सी, केलं तर त्याची वैयक्तिक जबाबदारी संपेल आणि बँका दुसऱ्या दिवसापासून सगळंच्या सगळं तुझ्याकडे मागतील, अर्धं नाही, पूर्ण. त्याला मिळालेलं संरक्षण चॅप्टर सेव्हनमध्ये बायकोला आपोआप मिळत नाही. मग सहा महिन्यांनी तुलाही फाइल करावी लागणार, पुन्हा वकील, पुन्हा फी. नवराबायकोने एकत्र केलं तर पिटिशन एक आणि कोर्टाची ३३८ डॉलरची फी पण एकच. एकट्याने फाइल करण्यात अर्थ तेव्हा असतो जेव्हा सगळी कार्डं आणि कर्जं एकाच्याच नावावर असतात आणि दुसऱ्याची कुठे सहीच नसते. तुमचं तसं नाही. आणि तुझं क्रेडिट राहील म्हणतो, तर सात महिन्यांचे हप्ते थकलेत ते तुझ्याही रिपोर्टवर आहेतच की.

मीन्स टेस्टची, म्हणजे उत्पन्न बघून चॅप्टर सेव्हन करता येतं का ते ठरवणाऱ्या तपासणीची, भीती घालून घेऊ नका. उत्पन्न राज्यातल्या तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाच्या मध्यम उत्पन्नापेक्षा कमी असलं की चॅप्टर सेव्हनला ती अडचण येत नाही, आणि चौघांच्या कुटुंबाला न्यू जर्सीत तो आकडा बराच वर आहे, तुमचे १ लाख १८ हजार त्यात आरामात बसतात. हिशोब मागच्या सहा महिन्यांचा होतो, त्यामुळे नवऱ्याला मोठ्या पगाराची ऑफर आली तर वकिलाला लगेच सांगा, फाइल कधी करायची ते त्यावर ठरू शकतं.

आता घर. विकून का टाकत नाही असं तुम्हाला दहा जणांनी विचारलं असेल. ५ लाख ६० हजारच्या घरावर पावणेसात लाखाचा बोजा आहे, विकलं तर एजंटचं कमिशन सोडूनच १ लाख १५ हजार तुम्हाला खिशातून घालावे लागतील, ते असते तर हे पत्र आलं नसतं. शॉर्ट सेलला, म्हणजे कर्जापेक्षा कमी किमतीत घर विकायला, दोन्ही बँकांची संमती लागते. चाव्या देऊन डीड बँकेच्या नावे करून देतो म्हटलं तर पहिली बँक शक्यतो घेत नाही, कारण दुसरा बोजा घराला तसाच चिकटून राहतो. तरी शॉर्ट सेलसाठी एकदा विचाराच, फाइल केल्यानंतरही ते करता येतं, आणि त्याचा फायदा काय ते खाली कळेल.

आणि हे दुसरं कर्ज एवढं का फुगलं त्याचा दोष एकटीने डोक्यावर घेऊ नकोस. एसबीएची बरीचशी कर्जं प्राइम रेटला, म्हणजे बँकांच्या मूळ व्याजदराला, बांधलेली असतात. तू घेतलंस तेव्हा प्राइम ३.२५ टक्के होता, जुलै २०२३ मध्ये तो ८.५० वर गेला. वर पावणेतीन टक्के असतील तर सहा टक्क्यांचं कर्ज सव्वा अकरावर गेलं, मुलं तेवढीच, फी तेवढीच आणि हप्ता कुठल्या कुठे. चांगली चालणारी सेंटरंसुद्धा त्यात बसलीत.

चॅप्टर सेव्हनच्या कागदांत एक फॉर्म असतो, तुमचा इरादा काय ते सांगणारा. डाव्या बाजूला कर्ज देणाऱ्याचं नाव आणि खाली मालमत्तेचं वर्णन, उजवीकडे चौकोन, घर सोडणार, की पैसे भरून सोडवून घेणार, की कर्ज पुन्हा स्वतःच्या अंगावर घेऊन ठेवणार. तुम्ही पहिल्या चौकोनात खूण करणार. फाइल केल्यापासून ३० दिवसांत किंवा ट्रस्टीबरोबरच्या (तुमची केस तपासायला नेमलेला माणूस) मीटिंगच्या तारखेपर्यंत, जे आधी येईल तेव्हा, हा फॉर्म जावा लागतो. आणि इथेच सगळ्यात मोठी गफलत होते. त्या चौकोनात खूण केली म्हणजे घर बँकेचं झालं असं लोक धरून चालतात, सामान भरतात, चाव्या किचनच्या ओट्यावर ठेवतात आणि निघून जातात. घर बँकेचं झालेलं नसतं. तुम्ही फक्त एवढंच सांगितलंय की आम्ही अडवणार नाही. बँकेने ते लगेच ताब्यात घ्यावं अशी सक्ती तिच्यावर नाही, फोरक्लोजर पूर्ण होऊन शेरीफचा लिलाव होईपर्यंत डीडवर तुमचंच नाव असतं, आणि न्यू जर्सीत हे सगळं कोर्टातून होतं म्हणून वर्षभर सहज जातं, कधी त्याहून जास्त.

नाव तुमचं म्हणजे काय काय तुमचं ते बघ. टाउनहाउस आहे म्हणजे असोसिएशनची दरमहा फी आहे. फाइल करण्याच्या तारखेपर्यंतची थकबाकी डिस्चार्जमध्ये, म्हणजे कोर्टाच्या कर्जमाफीत, जाते, पण त्यानंतर दर महिन्याला चढणारी फी माफ होत नाही, घर नावावर आहे तोवर ती तुम्ही देणं लागता, मग तुम्ही तिथे राहा नाहीतर आणखी कुठे. घर सोडून दोन वर्षांनी असोसिएशनच्या वकिलाचं पत्र आलं आणि बँकरप्सी झाल्यावरही पगारातून कापून घ्यायला लागले असं होऊ शकतं. शिवाय रिकाम्या घरासमोरचा बर्फ काढला नाही आणि कोणी घसरून पडलं, थंडीत पाइप फुटला, टाउनने गवत वाढलं म्हणून दंड लावला, ते पण मालकाकडेच येतं.

म्हणून माझं ऐकाल तर लवकर बाहेर पडू नका. राहा तिथेच. मॉर्गेजचा हप्ता भरणं बंदच ठेवा, पण असोसिएशनची फी भरा, घराचा इन्शुरन्स चालू ठेवा, पाणी-वीज भरा, आणि हप्त्याचे जे पैसे वाचतील त्यातून पुढच्या भाड्याच्या घराची तयारी करा. हे गैर आहे असं वाटून घेऊ नका, घर रिकामं पडण्यापेक्षा त्यात कोणीतरी नीट राहणं बँकेलाही बरंच असतं. फाइल केली की त्या क्षणी वसुली थांबते, फोन थांबतात, लिलावाची तारीख लागली असेल तर ती पण थांबते. मग बँक कोर्टाकडे परवानगी मागते आणि फोरक्लोजर पुढे सरकतं. त्यात मुलीचं बारावीचं वर्ष त्याच शाळेत निघून जायची बरीच शक्यता आहे, आणि मला विचारशील तर तुमच्या परिस्थितीत हीच एक गोष्ट आहे जिच्यासाठी नीट प्लॅन करावा.

मध्येच बँकेकडून एक गोड पत्र येऊ शकतं, कर्ज पुन्हा मान्य करण्याचा करार, सही करा म्हणून. घरासाठी त्यावर सही करायची नाही. सही केली की डिस्चार्ज होऊनही ते कर्ज तुमच्या मानेवर परत बसलं. गाडीचं कर्ज असेल आणि गाडी कामाला लागत असेल तर त्याचा वेगळा विचार करा, वकील सांगेल.

लिलावात घर कमी किमतीला गेलं तर उरलेली रक्कम तुमच्याकडून मागता येत नाही, ती वैयक्तिक जबाबदारी डिस्चार्जमध्ये संपलेली असते, एसबीएची गॅरंटीसुद्धा. पुढे १०९९-ए किंवा १०९९-सी असा (घर गेल्याची किंवा कर्ज माफ झाल्याची टॅक्ससाठीची नोंद असलेला) कागद आला तर तो रद्दीत टाकू नका. बँकरप्सीत माफ झालेलं कर्ज उत्पन्न धरलं जात नाही, पण ते रिटर्नबरोबर फॉर्म ९८२ लावून सांगावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्यांत हाच कागद विसरलेले जास्त.

टॅक्सचा विषय निघालाच आहे तर विचारते, सेंटरवर टीचर्स पगारावर होत्या ना? त्यांच्या पगारातून कापलेला टॅक्स सरकारला भरला होता का? त्यातला काही राहिला असेल तर तो बँकरप्सीतही सुटत नाही, सेंटरची एलएलसी (कंपनी) बंद केली तरी तो मालकिणीच्या मागे येतो. हे आधी तपासून घे.

आता कोथरूड. इथे कायदा असा आहे की तुमची मालमत्ता जगात कुठेही असो आणि कोणाच्याही ताब्यात असो, ती यादीत लिहायची. पुण्याचा फ्लॅट, गावच्या सातबाऱ्यावर वारसाने लागलेलं नाव, बँकेच्या लॉकरमधलं सोनं, एनआरओ खातं, लग्नाआधी उघडलेलं आणि विसरलेलं पीपीएफ, सगळं. ट्रस्टीला काय कळणार पुण्याचं, असं तुम्हाला इथले चार जण सांगतील, दिवाळीच्या पार्टीत अगदी आत्मविश्वासाने सांगतील. पण तुम्ही शपथेवर सही करताय, मालमत्ता लपवली तर डिस्चार्ज नाकारला जातो आणि तो फेडरल गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ग्रीन कार्डवर असलेल्या माणसाने ही रिस्क घ्यायची? नाही म्हणजे नाही.

आणि हक्कसोड पत्राची कल्पना तर त्याहून वाईट. फाइल करण्याच्या आधीच्या वर्षात धनकोंना टाळायच्या हेतूने काही दुसऱ्याच्या नावे केलं तर तेवढ्यावरून डिस्चार्ज जाऊ शकतो. मागच्या दोन वर्षांत काय काय दिलं, कोणाच्या नावे केलं हे फॉर्ममध्ये विचारतातच, आणि राज्याच्या कायद्याखाली ट्रस्टी चार वर्षं मागे जाऊ शकतो. आज जी गोष्ट प्रामाणिकपणे सांगता येण्यासारखी आहे, म्हणजे पैसे वडिलांचे आणि मुलाचं नाव फक्त सोयीसाठी, ती हक्कसोड केल्यावर पळवाट दिसायला लागते.

तुमची बाजू मांडता येते. नुसतं कागदावर नाव आहे आणि पैसा व उपभोग दोन्ही वडिलांचे आहेत, असं असेल तर ते तसं सांगायला कायद्यात जागा आहे. पण कागद लागतो. सासऱ्यांकडून खरेदीखत मागवून घ्या, इंडेक्स टू, बिल्डरला दिलेल्या चेकच्या नोंदी असलेलं त्यांचं पासबुक, त्यांच्या पीएफ-ग्रॅच्युइटीचा पैसा त्यात गेल्याचा पुरावा, प्रॉपर्टी टॅक्स आणि सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरतं त्याच्या पावत्या. हे पुढ्यात ठेवून वकिलाला विचारा, ट्रस्टी हे मानेल का. तो म्हणाला कठीण आहे, तर चॅप्टर सेव्हन घाईने करू नका, कारण कोथरूडच्या फ्लॅटमधला अर्धा हिस्सा म्हणजे ट्रस्टीच्या नजरेत भरणारी रक्कम आहे. मग चॅप्टर थर्टीन बघायचं, त्यात ३ ते ५ वर्षं कोर्टाने ठरवलेला हप्ता भरता आणि मालमत्ता तुमच्याकडे राहते, घर तर त्यातही सोडता येतं. तुमच्या सगळ्या केसचा निकाल घरावर नाही, या फ्लॅटवर लागणार आहे, म्हणून वकिलाकडे पहिला प्रश्न हाच.

आणखी एक नाजूक गोष्ट. फाइल केल्यावर १८० दिवसांच्या आत वारसाहक्काने काही आलं तर तेही या केसमध्ये जमा होतं. सासऱ्यांची तब्येत बरी नसेल तर हे वकिलाच्या कानावर घालून ठेवा, बोलायला जड जातं पण घाला. आणि भारतातल्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर रक्कम गेली असेल तर एफबार (परदेशी खात्यांची अमेरिकन सरकारला द्यायची माहिती) भरलाय ना ते बघा, राहिला असेल तर आधी ते सरळ करून घ्या.

सोन्याबद्दल तू जेवढी घाबरलीयस तेवढं घाबरायचं कारण नाही. न्यू जर्सीत तुम्हाला फेडरल सूट घेता येते. १ एप्रिल २०२५ पासूनचे आकडे असे, दागिन्यांना माणशी २,१२५ डॉलर, हे फारच कमी. पण राहत्या घरासाठी ३१,५७५ ची जी सूट असते ती तुम्ही वापरणार नाही, कारण घरात तुमचं काही उरलेलंच नाही, आणि त्या न वापरलेल्या सुटीतले १५,८०० पर्यंत कशालाही लावता येतात, वर आणखी १,६७५. म्हणजे माणशी १७,४७५, आणि दोघांनी एकत्र फाइल केलं की दोघांना वेगवेगळे. फक्त लक्षात ठेव, लग्नात तुला माहेरून आलेलं सोनं तुझं एकटीचं असेल तर त्याला तुझीच सूट लागते, नवऱ्याची नाही. आणि त्याच रकमेत बँकेतली शिल्लक, टॅक्स रिफंड हे पण बसवावं लागतं. किंमत जुन्या दागिन्याची, विकायला गेल्यावर हातात येईल ती धरायची, घडणावळ धरायची नाही. पाटल्या, तोडे, मंगळसूत्र सगळ्यांची वजनासकट यादी कर, एखाद्या सोनाराकडून लेखी किंमत घे. सगळं सोनं सुटीत बसेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, भाव इतके चढलेत. थोडं वर गेलं तर त्या फरकाची रक्कम भरून ट्रस्टीबरोबर मिटवता येतं. पण आईकडे पुण्याला ठेवून ये असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस, वर फ्लॅटबद्दल लिहिलं तेच इथेही.

दिराचे पैसे. हे तुला आवडणार नाही. नातेवाइकाला फाइल करण्याच्या आधीच्या एका वर्षात कर्ज परत केलं असेल तर ते इतर धनकोंना डावलून दिलं असं धरतात आणि ट्रस्टी ते दिराकडून परत मागू शकतो. शिवाय उरलेल्या ९ हजारांसाठी दिराचं नाव धनको म्हणून यादीत येणार, म्हणजे कोर्टाची नोटीस त्यांच्या पत्त्यावर जाणार, त्यांचं नाव गाळता येत नाही. म्हणून नोटीस पोचायच्या आधी नवऱ्याने स्वतः फोन करून त्यांना सांगावं. लिलावाची तारीख डोक्यावर नसेल तर दिवाळीच्या त्या पेमेंटला वर्ष उलटेपर्यंत थांबून मग फाइल करायचं का, हेही वकिलाला विचारा, असं थांबणं पूर्ण कायदेशीर आहे. मात्र आता दिराला आणखी एक डॉलरही देऊ नका. डिस्चार्ज झाल्यानंतर तुमच्या पुढच्या कमाईतून, स्वखुशीने, ९ हजार काय पंधराच्या पंधरा हजार फेडा, कायदा त्याला अडवत नाही.

तसंच फोर ओ वन के (नोकरीतलं रिटायरमेंटचं खातं) मोडून कार्डं फेडायचा विचार आला असेल तर तो सोडून द्या. तो पैसा बँकरप्सीत सुरक्षित असतो, कोणी हात लावू शकत नाही, आणि तुम्ही तो काढून टॅक्स आणि दंड भरून अशा कर्जात घालणार जे तसंही माफ होणार आहे. हे फार चांगल्या, सरळ माणसांकडून होतं, म्हणून जास्त जीव तुटतो. कार्डांचा वापर आजपासून बंद. फाइल करण्याच्या आधीच्या ९० दिवसांत एका कार्डवर ९०० डॉलरच्या वर चैनीची खरेदी दिसली की ती फसवणूक धरली जाऊ शकते, आणि उन्हाळ्यात भारतात जायची तिकिटं त्यात मोडतात असं ती बँक नक्की म्हणणार.

प्रक्रिया थोडक्यात सांगते कारण ती अवघड नाही, फक्त कागदांची आहे. फाइल करण्याच्या आधीच्या १८० दिवसांत दोघांनी वेगवेगळा एक ऑनलाइन काउन्सेलिंग कोर्स करायचा, नंतर आणखी एक. महिनाभरात ट्रस्टीबरोबर झूमवर मीटिंग, न्यायाधीश नसतात. ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटीचा पुरावा दाखवायचा, शपथ घ्यायची आणि प्रश्न, कागद स्वतः वाचलेत का, सगळी मालमत्ता लिहिलीय का, कोणाला काही दिलंय का, कुठून वारसा येणार आहे का. यादी खरी असेल तर बहुतेकांची दहा मिनिटांत उरकते. त्यानंतर साधारण दोन-तीन महिन्यांत डिस्चार्ज.

सिटिझनशिपला बँकरप्सी ही अपात्रता नाही. तिथे टॅक्स थकलाय का आणि कुठे खोटं बोललात का हे बघतात, म्हणून पुन्हा तेच, यादी खरी हवी. नवऱ्याला आहे त्या कामावरून केवळ यासाठी काढता येत नाही, पण नवीन नोकरी देताना खासगी कंपनीने हे बघून नाकारलं तर न्यू जर्सी ज्या सर्किटमध्ये (फेडरल अपील कोर्टाच्या विभागात) येतं तिथल्या कोर्टाने त्याला संरक्षण दिलेलं नाही. बँका आणि फायनान्सच्या क्लायंटकडे क्रेडिट बघतात, तेव्हा कॉन्ट्रॅक्ट बदलायचंच असेल तर आधी बदललेलं बरं. रिपोर्टवर चॅप्टर सेव्हन दहा वर्षं दिसतं, पण एफएचएचं (सरकारी हमीवरचं) घरकर्ज डिस्चार्जनंतर दोन वर्षांनी आणि फोरक्लोजरनंतर तीन वर्षांनी मिळू शकतं. ती तीन वर्षं घर तुमच्या नावावरून उतरल्यापासून मोजतात, शॉर्ट सेलसाठी विचारा म्हटलं ते यासाठीपण, नाव लवकर सुटतं आणि असोसिएशनची फीही. भाड्याचं घर शोधताना घरमालक जास्त डिपॉझिट मागेल तर इथल्या कायद्याने दीड महिन्याच्या भाड्यावर घेता येत नाही हे माहीत असू दे.

आणि एक सावध करते. फोरक्लोजरची केस पब्लिक रेकॉर्डवर आली की घर वाचवून देतो म्हणून पत्रं आणि फोन सुरू होतात, काही तर आपल्याच भाषेत बोलणारे असतात. डीड आमच्या नावे करा, आम्ही बँकेशी बोलतो म्हणतात. कोणाच्याही कागदावर सही करायची नाही. वकिलाची फी जड जात असेल तर लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सीला फोन करून बघा, आणि हडने (अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने) मान्यता दिलेले हाउसिंग काउन्सेलर फोरक्लोजरच्या कामाचे पैसे घेत नाहीत.

सासूबाईंशी भांडू नकोस. त्यांच्या पिढीने पोटाला चिमटा घेऊन हप्ते फेडले, त्यांना हे लागणारच. पण त्यांना एवढं सांगता येईल की कर्जात बुडालेल्या माणसाला कायद्याने हात देणं आपल्याकडे काही नवीन नाही. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही हा दामदुपटीचा नियम आपलाच, आणि १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्यापासून शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले तेव्हा इंग्रज सरकारलासुद्धा १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला होता. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९३४ मध्ये सांगून ठेवलंय की हा कायदा प्रामाणिक पण दुर्दैवी कर्जदाराला पुन्हा उभं राहता यावं म्हणून आहे. तुम्ही धंदा केलात, घर गहाण ठेवलंत, टीचर्सना पगार दिलात, तो चालला नाही. याला बुडवणं म्हणत नाहीत.

मुलीला आत्ताच सांगा. अकरावीतल्या मुलीला बंद दाराआडचं बोलणं कळत नाही असं समजू नका. दोघांनी बसून सांगा की घर सोडावं लागणार आहे, लगेच नाही, आणि तू बारावी याच शाळेत करावीस असा आमचा प्रयत्न आहे. कॉलेजचं पण ती विचारेल, तर फाफ्सा (कॉलेजसाठीच्या सरकारी मदतीचा अर्ज) भरायला आईवडिलांची बँकरप्सी आड येत नाही. पालकांच्या नावाने जे प्लस लोन असतं ते बहुतेक नाकारलं जाईल, पण ते नाकारलं की मुलीला स्वतःच्या नावाने मिळणाऱ्या फेडरल लोनची मर्यादा वाढते. कॉलेजच्या फायनान्शिअल एड ऑफिसला उत्पन्न घटल्याचं पत्र देऊन फेरविचार मागता येतो, त्यासाठी नवऱ्याचं ले-ऑफचं पत्र आणि सेंटर बंद केल्याचे कागद जपून ठेव.

या शनिवार-रविवारी सासऱ्यांना फोन लावून फ्लॅटचे कागद स्कॅन करायला सांगा, सोन्याची यादी कर, आणि पुढच्या आठवड्यात वकिलाची अपॉइंटमेंट घ्या. फ्लॅटबद्दल तो काय म्हणाला ते मला कळव, त्यावर चॅप्टर थर्टीनचं सविस्तर लिहायला लागलं तर लिहीन.